आवाजाची रेघ

“बाबा, घर हलतंय!”

मुलगी दोन्ही कानांवर हात ठेवून तिच्या खोलीतून बाहेर आली, तेव्हा आधी मला तिचे नुसते हलणारे ओठ दिसले. वाक्य मागाहून पोचलं, तेही तिने टेबलाशी येऊन संगीत थांबवल्यावर. “किती मोठ्याने लावलंयस! अगदी आजोबांसारखं,” ती म्हणाली, फ्रिजमधून पाण्याची बाटली घेतली आणि परत जाऊन दार लावून घेतलं. तिच्या दृष्टीने विषय संपला. मी मात्र माऊस धरून तसाच बसून राहिलो. शनिवारची दुपार, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, त्याच्या दोन बाजूंना दोन छोटे स्पीकर, आणि पडद्यावर अप्पांचे शहाण्णव फोटो ओळीने लावलेले. उद्या अकरा वाजता अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, ऐंशीवा वाढदिवस. हॉलमध्ये साठ माणसं येणार होती, आणि एकामागून एक सरकणाऱ्या या फोटोंखाली वाजायचं संगीत कुठे किती मोठं ठेवायचं, एवढंच काम माझ्याकडे उरलं होतं. मी आवाज कमीच ठेवला होता. शपथेवर सांगतो, मला तो कमीच वाटत होता. आत बायको जरा पडली आहे, तिची झोपमोड नको, म्हणून मुद्दाम हळू लावला होता. चाळिशीला चष्मा आला, पन्नाशीला गुडघे बोलायला लागले, त्याचं मी काही मनाला लावून घेतलं नाही. पण कान? कान हा आमच्या घरात अप्पांचा प्रांत. तिथे माझं पाऊल कधी पडलं, हे मला कोणी कळवलंच नव्हतं.

खरं तर सकाळपासून मी फार मजेत होतो. पडद्यावर फोटोंच्या पट्टीखाली आवाजाची पट्टी असते, हिरव्या डोंगररांगेसारखी, आणि तिच्यावरून एक पिवळी रेघ जाते. रेघ वर ओढली की आवाज चढतो, खाली ओढली की उतरतो, मधे कुठेही टिंब देऊन तिला हवं तसं वाकवता येतं. मी तीन संगीतं निवडली होती. पहिली बासरी, कुठल्या जमान्यात ध्वनिमुद्रित केलेली कोण जाणे, सारखी कुजबुजणारी. दुसरं बँडचं, ड्रम आणि ट्रंपेटवालं, आल्या आल्या अंगावर येणारं. तिसरं व्हायोलिन, गुणी बाळासारखं मधल्या आवाजात. बासरीवरून बँडवर जाताना ऐकणारा दचकू नये, म्हणून बासरीची शेपटी उचलायची, बँडचं तोंड दाबायचं, आणि दोघांची गाठ अशी घालायची की काही घडलंय हे कुणाच्या लक्षातही येऊ नये. हे जमलं की मला विलक्षण बरं वाटत होतं. मी गॅस कंपनीच्या तक्रार विभागात आहे. सत्तावीस वर्षं डाव्या कानाला फोन लावून लोकांची बोलणी खातो आहे, पण तिथे कुणाचाही आवाज असा बोटाने धरून खाली आणता येत नाही. इथे येत होता. उजव्या स्पीकरमधून जरा कमी येत होतं, स्वस्तातली वस्तू, दुसरं काय! डावं-उजवं सारखं करायचं एक बटण पडद्यावर असतं, ते मी थोडं उजवीकडे सरकवलं होतं. मग आणखी थोडं. दोन चहा झाले, तिसरा राहून गेला, मला भान नव्हतं. आणि आता मुलीने एका वाक्यात दुधात मिठाचा खडा टाकला होता.

आवाज निम्म्यावर आणला. तो मला शेजाऱ्यांच्या घरातून आल्यासारखा वाटायला लागला, तेव्हा म्हटलं, हाच बहुतेक सगळ्या जगाचा आवाज असणार. तेवढ्यात ताईचा फोन आला. माझी ही मोठी बहीण शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते, आणि उद्याच्या समारंभाची सर्वेसर्वा आहे. “संगीत हळू ठेव हं,” ती ओरडली. “लोकांना एकमेकांशी बोलता आलं पाहिजे. नुसतं मागे वाजत राहू दे!” हळू ठेव हे तिने इतक्या मोठ्याने सांगितलं, की मी फोन कानापासून वीतभर लांब धरला. “आणि अप्पांना?” मी विचारलं. “अप्पांना काय रे, लावलंस काय आणि न लावलंस काय. ते बिचारे हसत बसतील.” हे म्हणताना तिचा आवाज एकदम पडला. ताई निष्ठुर नाही. तिलाही ते टोचतं, पण टोचणारी गोष्ट ती यादीतल्या कामासारखी उरकून टाकते. मोठ्याने बोलण्याचं म्हणाल तर आमचं सगळं घरच तसं. लग्नानंतर आठव्या दिवशी बायकोने मला हळूच विचारलं होतं, “ही सगळी भांडणं माझ्यामुळे चालली आहेत का हो?” भांडण कसलं, ताई मीठ मागत होती. तरी बायकोला पटायला वर्ष गेलं, आणि आता ती स्वतः जिन्यातून किल्ली मागते तर वरच्या मजल्यावरचे खाली डोकावतात. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, दुसरं काय.

याचं मूळ त्या मशीनमध्ये. अप्पा छापखान्यात मशीनमन होते. शाळेची पुस्तकं छापणारं ते मोठं मशीन, आमच्या या जेवणघरात मावणार नाही एवढं, आणि त्याच्याशेजारी ते चौतीस वर्षं उभे राहिले. आमच्या दोन खोल्या छापखान्याला पाठ लावून होत्या, भिंत एकच. मशीन चालू असलं की फळीवरची ताटं बारीक थरथरायची, आणि आम्ही त्या थरथरीत गणितं सोडवली, भांडलो, झोपलो. बोलायचं ते मशीनच्या वर बोलायचं, ही आम्हाला सवयच लागली. मशीन वेळेवर बंद व्हायचं तेव्हा आधी भोंगा व्हायचा. भोंग्याशिवाय थांबलं की आई हातातलं काम टाकून मागच्या पायरीवर जाऊन उभी राहायची. एकदा ती बराच वेळ उभी होती, मी गृहपाठ सोडून तिच्याकडे बघत राहिलो होतो. अप्पांच्या जोडीदाराची दोन बोटं गेली होती, हे संध्याकाळी कळलं. मशीन पुन्हा सुरू झाल्यावर ती आत आली, मला म्हणाली, “लिही पुढे,” आणि चुलीकडे वळली. अप्पांचे कान तोवर जायला लागलेच असतील, पण त्यांना त्याची फिकीर नव्हती. मशीनला काय झालंय ते पाहायला ते त्याच्या लोखंडी अंगावर नुसता तळवा ठेवायचे. “कान थापा मारतो,” म्हणायचे, “हात मारत नाही.” एकदा मला आत नेऊन त्यांनी माझा हात मशीनवर ठेवला आणि तोंड कानाशी आणून विचारलं, “काय म्हणतंय?” मी म्हटलं, “गुदगुल्या करतंय.” ते खूप हसले. त्या गदारोळात मला त्यांचं हसणं ऐकू आलं नाही, नुसतं दिसलं, पण ते अजून माझ्याजवळ आहे.

लॅपटॉप आणि स्पीकर उचलून मी अप्पांच्या खोलीत गेलो. त्यांनाच एकदा दाखवून बघावं. ते पलंगावर बसून खिडकीतून खालच्या रस्त्यावर लक्ष ठेवून होते. कानाचं यंत्र कपाटाच्या खणात, डबीत, त्याच्या माहितीपत्रकासकट. दोन वर्षांत चार वेळा घातलं असेल. “त्यात माणसं ऐकू येत नाहीत रे, चमचे ऐकू येतात,” अशी त्यांची तक्रार, आणि तक्रार विभागात असूनही ती मला सोडवता आलेली नाही. मी सगळा संसार त्यांच्या गादीवर मांडला आणि खुणेने सांगितलं, ऐका. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मान डोलावली आणि चेहऱ्यावर ते हसू आणलं. “छान,” ते म्हणाले. “फार छान झालंय.”

मी अजून सुरूच केलं नव्हतं. अप्पांचं ते हसू आम्हा सगळ्यांच्या ओळखीचं आहे. कोणी विनोद सांगितला की ते येतं, कोणी किरकोळ बातमी सांगितली तरी येतं, आणि एकदा शेजारचे काका गेल्याचं त्यांच्या मुलाने दारात येऊन सांगितलं तेव्हाही आलं होतं. समोरच्याला पुन्हा बोलायचे कष्ट नकोत, म्हणून ते आपले हसून मोकळे होतात. हा त्यांचा चांगुलपणाच, पण त्या हसण्याच्या मागे ते एकटे बसलेले असतात, हे मला त्या दुपारी स्वच्छ दिसलं. उद्या साठ माणसं त्यांच्यासाठी येणार, आणि ते तासभर ते हसू धरून बसणार. मला ते नको होतं. बाकी समारंभ कसाही होवो, केक पडो, लॅपटॉप बंद पडो, पण एकदा, एखाद्या फोटोला का होईना, अप्पा खरोखर त्या हॉलमध्ये असावेत, एवढी एकच गोष्ट मला हवी होती. मी संगीत सुरू केलं, पिवळी रेघ अगदी वरच्या कडेला नेली. बायको खडबडून उठून दारात आली, “अहो, हे काय!” अप्पांनी शांतपणे चार फोटो पाहिले, तिसऱ्यावर बोट ठेवून “हा कोण?” विचारलं, आणि पुन्हा रस्त्याकडे वळले. ते स्वतःच होते, पंचविशीतले. मी सगळं आवरून टेबलावर परत आणलं.

आई असती तर तिला हे काही करावंच लागलं नसतं. तिला जाऊन अकरा वर्षं झाली. आम्ही सगळे अप्पांशी ओरडून बोलायचो, ती कधीच ओरडली नाही. ती नुसती त्यांच्यासमोर यायची, त्यांचं लक्ष चेहऱ्यावर येईपर्यंत थांबायची आणि नेहमीच्या आवाजात बोलायची, कधीकधी आवाजाशिवायच. अप्पांना सगळं कळायचं. शेजाऱ्यांच्या चहाड्यासुद्धा. ती गेल्यावर आम्ही आणखी मोठ्याने ओरडायला लागलो, आणि ते आणखी छान हसायला लागले. एकसष्टाव्या नंबरचा फोटो तिचा होता. ती एकटी असलेला तेवढा एकच. छापखान्याच्या फोटोग्राफरने कधीतरी जाता जाता काढलेला, मागच्या पायरीवर उभी, डोळ्यांवर हाताची सावली धरलेली. तिथे बँड संपत होता आणि व्हायोलिन सुरू व्हायचं होतं. माझ्या मनात आलं, इथे काहीच नको. मी पिवळी रेघ तिथे सरळ तळाला नेली, आठ सेकंद, आणि पलीकडे पुन्हा हळूहळू वर आणली. बायकोला बोलावून दाखवलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “हे मात्र छान सुचलं तुम्हाला,” ती म्हणाली. तिच्याकडून ‘मात्र’ लावून का होईना, शाबासकी मिळाली. बाकी सगळी रेघ मी ताईच्या म्हणण्याप्रमाणे खालीच ठेवली, आणि रात्री मला गाढ झोप लागली.

हॉल छोटा पण नेटका होता. पडद्यासमोर एक लांबलचक लाकडी टेबल, त्यावर केक, आणि टेबलामागे मधोमध अप्पांची खुर्ची. हॉलवाल्याने आमचे स्पीकर पाहून नाक मुरडलं. “हे राहू द्या, साहेब,” म्हणाला, आणि स्वतःचे दोन दणकट स्पीकर आणून त्याच टेबलाच्या दोन टोकांना ठेवले. मी लॅपटॉप घेऊन टेबलाच्या बाजूला बसलो. लोक आले, अप्पांना वाकून भेटले, काही काही बोलले, आणि अप्पा प्रत्येकाला तेच एक हसू देत गेले. दिवे मंद झाले, बासरी सुरू झाली. पहिल्या दोन मिनिटांतच ताईने लांबून तळवा खाली दाबून खूण केली, कमी कर. मी कमी केलं. अर्धी चड्डी घातलेले अप्पा, लग्नातले अप्पा, मशीनशेजारी छाती काढून उभे अप्पा, कडेवर रडणारी ताई. लोक हसत होते, नावं ओळखत होते, मागच्या रांगेत गप्पा रंगल्या होत्या. अप्पांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले होते आणि हसू जागच्या जागी होतं. मी फोटो कमी आणि त्यांनाच जास्त बघत होतो. बँड आला तेव्हा आत कुठेतरी आशा वाटली. काही झालं नाही. म्हटलं, संपलं, गेला आपला तास.

मग एकसष्टावा फोटो आला आणि संगीत थांबलं. माझ्या हिशेबाप्रमाणे सगळा हॉल गप्प झाला. मागच्या रांगेतल्यांनीसुद्धा गप्पा आवरल्या, ताईने पदराने डोळे टिपले. अप्पांचं हसू गेलं. ते पुसल्यासारखं गेलं. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, टेबलावर हात रेटून अर्धवट उभे राहिले आणि मशीनघरातल्या त्या जुन्या आवाजात ओरडले, “का थांबलं? कोणाला लागलं का?”

कोणीतरी फसकन हसलं. “अप्पा, काही नाही!” ताई तिथूनच ओरडली. “आईचा फोटो आहे, आईचा!” तो आवाज ज्या दिशेने आला असावा तिकडे तोंड करून अप्पा पुन्हा हसायला लागले, पण खाली बसले नाहीत. मी उठलो. टेबलापलीकडून त्यांच्यासमोर वाकलो, त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावर येईपर्यंत थांबलो. आयुष्यात पहिल्यांदा थांबलो असेन. आणि न ओरडता, आवाजसुद्धा न लावता म्हटलं, “आई आली, अप्पा. म्हणून मी थांबवलं.”

ते माझ्या ओठांकडे बघत होते. मग त्यांनी पडद्याकडे पाहिलं. ती पायरी, तो डोळ्यांवरचा हात. “तिच्यासाठी थांबवलंस?” मी होकारार्थी मान हलवली. “अरे वेड्या,” अप्पा म्हणाले, “थांबलं की ती घाबरायची रे. चालू कर.”

मला ते ठाऊक होतं. मी स्वतः तिला त्या पायरीवर उभं असलेलं पाहिलं होतं, आणि तिथेच, तिला जिचा धसका होता त्या शांततेत, मी तिला आठ सेकंद ठेवून दिलं होतं, वर शाबासकीही घेतली होती. पण त्याहून मोठी गोष्ट मला आता कुठे कळत होती. थांबलेलं त्यांना कळलं, म्हणजे चालू असलेलंही कळत होतं. बासरीपासून. मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही तळवे टेबलाला चिकटलेले, दहा बोटं पसरलेली. मी धावत लॅपटॉपपाशी गेलो, आईचा फोटो पुन्हा लावला, तिथून व्हायोलिन सुरू केलं आणि पिवळी रेघ वर ओढली, ताईच्या मापाच्या बरीच वर. ताईने माझ्याकडे पाहिलं, पण या खेपेला तिने हात दाबला नाही. आई पायरीवर उभी होती आणि टेबल गुणगुणत होतं. अप्पा खाली बसले. त्यांच्या चेहऱ्यावर ते हसू नव्हतं. कामावर असताना दिसायचा तो चेहरा होता, एकाग्र, किंचित वैतागलेला, आणि मला आनंदाने ओरडावंसं वाटलं. मी त्यांच्यासमोर वाकून, ओठांनीच, विचारलं, “काय म्हणतंय?”

त्यांनी डोळे मिटले. हात थोडे सरकवले, पुन्हा टेकवले. “चाललंय बरं,” ते म्हणाले. “पण उजवी बाजू जड आहे.”

उजवी बाजू जड असणं शक्यच नव्हतं. उलट मला ती हलकी वाटत होती, स्पीकर नवे, दणकट असूनही. मी मुलीला हाक मारून अप्पांच्या मागे उभं केलं. “हो की,” ती म्हणाली, “सगळं उजवीकडूनच येतंय. बाबा, तुला कळत नाहीये?” मी पडद्यावरचं ते डावं-उजवं करायचं बटण पाहिलं. ते जवळजवळ उजव्या भिंतीला टेकलं होतं. मी ते सरकवायला लागलो. अप्पांनी डावा हात टेबलावर ठेवून उजवा हवेत धरला आणि तळव्याने मला सांगत राहिले, अजून, अजून, थोडं अजून. बटण मधे मधे येत गेलं तसं माझ्या उजव्या बाजूचं व्हायोलिन पातळ होत होत जवळजवळ नाहीसं झालं, तरी त्यांचा हात हलतच होता. मग मूठ मिटली. बस. बटण बरोब्बर मधोमध होतं.

पडद्यावर पुढचे फोटो सरकत होते, लोक पुन्हा बोलायला लागले होते. अप्पांनी मला बोटाने जवळ बोलावलं, माझा उजवा कान चिमटीत धरला, लहानपणी धरायचे तसा, आणि त्यांना जी कुजबुज वाटते त्या आवाजात म्हणाले, “माझाही आधी उजवाच गेला होता.”

साठ माणसांनी ऐकलं. मलाही, डाव्या कानाने, स्वच्छ ऐकू आलं.